हेलिकॉप्टर येईल, पण उतरणार कुठे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात डोंगराळ भागात दरड कोसळली किंवा नदीने गाव वेढले, की तासाभरात सर्वांच्या तोंडी एकच मागणी येते : लष्कराची हेलिकॉप्टर पाठवा. वाहिन्यांवरचे निवेदक ती करतात, लोकप्रतिनिधी करतात आणि ज्यांची माणसे अडकलेली असतात ते नातेवाईक तर करणारच. या मागणीत गैर काही नाही. मात्र हेलिकॉप्टर निघाले म्हणजे सुटका झालीच, असा जो समज तिच्यामागे असतो, त्याच्या भरवशावर आपण पावसाळ्यापूर्वीची साधी आणि स्वस्त कामेही करत नाही, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच. माझी नोकरी हवाई दलातली असली, तरी ती जमिनीवरची होती. यंत्रे तपासायची, इंधन भरायचे आणि गेलेले हेलिकॉप्टर परत येईपर्यंत आभाळाकडे बघत बसायचे, असे तिचे स्वरूप होते. त्यामुळे या पत्रातही माझा कल जमिनीकडेच झुकलेला दिसला, तर वाचकांनी तो समजून घ्यावा.

डोंगरी पुरातून हेलिकॉप्टरने माणसे सोडवण्याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा अनुभव जून २०१३ मधील उत्तराखंडचा आहे. १६ आणि १७ जूनच्या अतिवृष्टीत केदारनाथच्या वरचे चोराबारी सरोवर फुटले आणि मंदाकिनीच्या लोंढ्यात मंदिराभोवतीची वस्ती, पायवाटेवरचे रामबाडा हे मुक्कामाचे ठिकाण आणि खालचे गौरीकुंड यांची धूळधाण झाली. मृत आणि बेपत्ता यांची संख्या पाच हजारांच्या वर गेली. यात्रेचा हंगाम ऐन भरात असल्यामुळे केदारनाथ, बद्रीनाथ, हेमकुंड आणि गंगोत्रीच्या खोऱ्यांत हजारो यात्रेकरू अडकून पडले आणि त्यांत महाराष्ट्रातलेही बरेच होते. हवाई दलाने हाती घेतलेल्या ‘ऑपरेशन राहत’मध्ये ३० जूनपर्यंत सुमारे २,१४० उड्डाणे झाली, सुमारे १९,६०० माणसांना बाहेर काढण्यात आले आणि ३,८२,४०० किलो सामान पोहोचवण्यात आले. लष्कराची ‘सूर्या होप’ ही मोहीम याच्या जोडीने चालू होती.

हे आकडे अभिमानाने सांगितले जातात आणि ते योग्यच आहे. पण त्यांचा भागाकार सहसा कोणी करत नाही. एका उड्डाणामागे सरासरी नऊ माणसे, असा हिशेब निघतो. मी-१७ व्ही ५ या हेलिकॉप्टरमध्ये सपाटीवर तीसेक जवान सहज बसतात, मग नऊच का? याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे बऱ्याच उड्डाणांत माणसांऐवजी अन्न, औषधे, दोरखंड, संपर्क यंत्रे आणि इंधन वाहून न्यावे लागते. दुसरे कारण हवेचे आहे. केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे. तेथे हवा विरळ असते, त्यामुळे पात्यांना मिळणारी उचल कमी होते आणि इंजिनाची ताकदही त्याच वेळी घटते. दुपारचे ऊन पडले की हवा आणखी विरळ होते. जमिनीलगत तरंगताना पात्यांखाली दाबलेल्या हवेचा थोडा आधार तरी असतो, पण कड्याशेजारी अधांतरी थांबून विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, माणूस वर घ्यायचा, तर तो आधारही सुटतो आणि सर्वांत जास्त ताकद नेमकी तेव्हाच लागते. म्हणून वैमानिक इंधन मोजके घेतो, माणसे मोजकी घेतो आणि जवळच्या जवळ फेऱ्या मारत राहतो. खालून हात जोडणाऱ्या पन्नास जणांपैकी सातआठ जणांनाच घेऊन हेलिकॉप्टर निघून गेले, असे दृश्य दूरचित्रवाणीवर पाहून संतापणाऱ्यांना हे गणित कोणी सांगत नाही.

इंधन मोजके घ्यायचे, तर ते जवळपास कुठेतरी मिळाले पाहिजे, आणि येथून माझ्या खात्याचा विषय सुरू होतो. जॉली ग्रँट हा डेहराडूनचा विमानतळ किंवा सरसावा हा सहारनपूरजवळचा हवाई दलाचा तळ येथून केदारखोऱ्यात जाऊन परत येण्यातच निम्मे इंधन संपत असेल, तर सुटकेच्या फेऱ्या किती होणार? रस्ते तुटलेले, म्हणजे टँकर वर जाऊ शकत नाहीत. तेव्हा हवाई दलाने सी-१३० जे हे अवजड मालवाहू विमान धरासूच्या आखूड धावपट्टीवर उतरवले आणि त्याच्या टाकीतले आठ हजार लिटर इंधन खाली काढून तेथेच हेलिकॉप्टरसाठी साठा तयार केला. गौचरला हेच काम मी-२६ या महाकाय हेलिकॉप्टरने केले. त्या पंधरवड्यात सर्वाधिक माणसे कोणत्या निर्णयाने वाचली असे मला कोणी विचारले, तर मी धरासूच्या या इंधनसाठ्याकडे बोट दाखवीन. विंचला लटकलेल्या जवानाचे छायाचित्र जसे पहिल्या पानावर येते, तसे इंधनाच्या नळीचे येत नाही, इतकेच. धरासू आणि गौचर येथे धावपट्ट्या आधीपासून होत्या, म्हणून हे जमले, हेही विसरता कामा नये.

इंधनानंतरचा प्रश्न जागेचा. गौरीकुंड आणि रामबाडा यांच्या दरम्यान जंगलचट्टी येथे शेकडो यात्रेकरू पुरातून वर पळून जंगलात अडकले होते. हेलिकॉप्टरमधून ते दिसत होते, पण उतरायला जागा नव्हती. लष्कराच्या जवानांना तेथे उतरवून, झाडेझुडपे आणि दगड हटवून हेलिपॅड तयार करावे लागले, तेव्हा कुठे सुटका सुरू झाली. दिसणारा माणूस आणि वाचणारा माणूस यांच्यामध्ये जे अंतर असते, ते अशा एका सपाट तुकड्याचे असते. त्या जागेच्या आसपास तारा असतील तर तो तुकडाही निरुपयोगी ठरतो. अरुंद दरीत आडव्या टांगलेल्या तारा वैमानिकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातील आराकोट भागात ढगफुटीनंतर मदतसामग्री पोहोचवून निघालेले एक खासगी हेलिकॉप्टर सफरचंदांच्या पेट्या डोंगरावरून खाली आणण्यासाठी बांधलेल्या तारेला अडकून कोसळले आणि आतील तिघेही गेले. त्या तारा गावातल्या प्रत्येकाला माहीत असणार. पण वैमानिकाला त्यांची माहिती देण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती.

हवामानाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्याची किंमत सर्वांसमोर आहे. २५ जून २०१३ रोजी केदारनाथहून परतणारे हवाई दलाचे मी-१७ व्ही ५ गौरीकुंडजवळ कोसळले आणि हवाई दलाचे पाच, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे नऊ व भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे सहा असे २० जण मृत्युमुखी पडले. हेलिकॉप्टर ‘वेळेवर’ का आले नाही, असे विचारताना या विसांची आठवण ठेवावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

उत्तराखंडात जमिनीवरची तयारी कशी होती, याचे उत्तर पूर येण्याआधीच छापले गेले होते. ऑक्टोबर २००७ मध्ये स्थापन झालेल्या तेथील राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची एकही बैठक झालेली नाही, असे महालेखापरीक्षकांच्या अहवालात म्हटले होते आणि तो अहवाल एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे आपत्तीच्या दोनच महिने आधी संसदेत मांडला गेला होता. पावसाच्या ढगांचा वेध घेणारे डॉप्लर रडार राज्यात त्या वेळी एकही नव्हते. तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री आणि आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांनी तेथे जाऊन आल्यावर यंत्रणांमध्ये समन्वय नसल्याचे कबूल केले आणि नेत्यांनी आपत्तीग्रस्त भागात उतरू नये, असेही सांगितले. ती सूचना किती जणांनी पाळली, हा वेगळा विषय आहे. एका नेत्याच्या पाहणीसाठी हेलिपॅड अर्धा तास मोकळे ठेवावे लागते आणि डोंगरात सकाळचे स्वच्छ हवेचे तासच जेमतेम तीनचार मिळतात.

त्यानंतर बारा वर्षांनी, ५ ऑगस्ट २०२५ रोजी, गंगोत्रीच्या वाटेवरील धराली गावावर खीरगंगेचा लोंढा आला. जवळच्या हर्षिल येथील लष्करी तळालाही त्याचा तडाखा बसला आणि तेथील जवानही बेपत्ता झाले. रस्ता ठिकठिकाणी खचला, गंगनानीजवळचा पूल वाहून गेला आणि महाराष्ट्रातले दीडशेच्या आसपास पर्यटक त्या खोऱ्यात अडकले. चिनूक आणि मी-१७ हेलिकॉप्टर सज्ज असूनही सुरुवातीला ढगांमुळे त्यांना पुरेशी उड्डाणे करता आली नाहीत. आकाश उघडल्यावर मात्र हर्षिल ते मातली अशा फेऱ्यांतून शेकडो माणसे भराभर खाली आणली गेली. यंत्रे २०१३ पेक्षा अधिक शक्तिशाली होती, पण ढगांपुढे त्यांचेही काही चालले नाही. अवजड यंत्रसामग्री रस्त्याने वर जाऊ लागली ती लिमचागाड येथे बेली पूल, म्हणजे तयार लोखंडी भाग जोडून झटपट उभारला जाणारा पूल, उभा राहिल्यावरच.

आता आपल्याकडे येतो. सह्याद्रीत उंचीची अडचण फारशी नाही. कळसूबाईचे शिखरही १,६४६ मीटरच आहे. आपली अडचण ढगांची आहे आणि ती हिमालयाहून वाईट आहे. तेथे पावसात खंड पडून सकाळी दोन तास तरी दरी उघडण्याची आशा असते; जुलैमध्ये आपल्या घाटमाथ्यावर ढग एकदा बसला की तीनतीन, चारचार दिवस उठत नाही, आणि दरडी कोसळतात त्या नेमक्या याच दिवसांत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. वाडीला रस्ता नव्हता. सांताक्रूझ येथे दोन हेलिकॉप्टर सज्ज ठेवल्याचे सरकारने सांगितले आणि ते खरेच होते, पण हवामानामुळे ती निघू शकली नाहीत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आणि आसपासचे गिर्यारोहक भरपावसात निसरडी वाट चढून गेले आणि फावड्यांनी, हातांनी माती उपसत राहिले. २७ मृतदेह सापडले, ५७ जणांचा पत्ता लागला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि आमच्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातली आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही गावे अशीच गाडली गेली आणि तेथेही मदत पोहोचली ती वाटेतल्या दरडी आणि पाणी पार करूनच. त्यानंतर २६ जुलै रोजी पाहणीसाठी निघालेले तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचे हेलिकॉप्टरही कोयनानगरला उतरू शकले नाही आणि पुण्याला परतले. राज्याच्या मुख्यमंत्र्यांना जेथे उतरता येत नाही, तेथे मिरगावच्या जखमीसाठी हेलिकॉप्टर हमखास उतरेल, असे गृहीत धरून नियोजन करणे कितपत शहाणपणाचे आहे?

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की डोंगरी तालुक्यांच्या आपत्ती आराखड्यात पहिल्या चोवीस तासांसाठी हेलिकॉप्टर धरूच नये. ते आले तर उत्तम. त्या चोवीस तासांचा आराखडा चालत जाणाऱ्या माणसांवर उभा असावा; स्थानिक गिर्यारोहकांची पथके, ‘आपदा मित्र’ म्हणून प्रशिक्षण घेतलेले तरुण, पोलीस पाटील आणि वाटा ठाऊक असलेले धनगरवाड्यांवरचे लोक यांच्या हाती दोर, स्ट्रेचर, बिनतारी संच आणि विजेऱ्या आधीपासून असाव्यात. आजही हीच माणसे सर्वांत आधी पोहोचतात, पण स्वतःच्या खर्चाने आणलेल्या सामानानिशी.

दुसरी सूचना उतरण्याच्या जागांची. प्रत्येक डोंगरी गावासाठी दोन जागा ठरवलेल्या असाव्यात. एक वर, सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, आणि एक खाली, खोऱ्यात. जांभ्या दगडाचा सडा पावसातही टणक राहतो आणि पूर्ण भारानिशी तेरा टनांपर्यंत जाणारे मी-१७ त्याच्यावर निर्धास्त टेकू शकते. पण जुलैमध्ये ढग बसतो तोही नेमका सड्यावरच. खालचे भातखाचर ढगाखाली मोकळे असते, पण त्यात चाके रुततात. त्यामुळे खाली शाळेचे पटांगण किंवा एसटी वळते ती जागा बघावी लागेल. चारी बाजूंनी बंदिस्त जागा चालणार नाही, आत येण्याची आणि बाहेर पडण्याची दिशा मोकळी पाहिजे. आमच्याकडे चाळकेवाडी आणि वनकुसवडेची पठारे नकाशावर उतरायला आदर्श वाटतात, पण तेथे पवनचक्क्या आणि त्यांच्या तारांचे जाळे आहे. कोयनेच्या खोऱ्यातून उच्चदाबाच्या वाहिन्या गेल्या आहेत. या सर्वांच्या नोंदी महावितरण, महापारेषण आणि पवनचक्क्यांच्या कंपन्यांच्या दप्तरी निश्चितच आहेत. त्या एका नकाशावर आणून हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दलाकडे मे महिन्यात सुपूर्द करणे, एवढेच काम आहे. त्याला निविदा काढावी लागत नाही, बहुधा म्हणूनच ते होत नसावे.

जागा ठरली, तरी तेथे उभ्या राहणाऱ्या माणसाला काय करायचे ते ठाऊक पाहिजे. फक्कीने मोठा इंग्रजी एच काढायचा आणि पावसात फक्की टिकत नाही म्हणून रंगीत कापड दगडांनी दाबून ठेवायचे. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून धूर करायचा किंवा काठीला फडके बांधायचे. पत्रे, ताडपत्र्या, मोकळी पिंपे दूर न्यायची, कारण हेलिकॉप्टर खाली येताना जो वारा सुटतो त्यात पत्रा सुऱ्यासारखा उडतो. शेपटीच्या पंख्याकडे कोणालाही जाऊ द्यायचे नाही. फिरत असताना तो पंखा दिसत नाही आणि घाबरलेली माणसे नेमकी मागून धावतात. आधी कोण जाणार, याची यादी हेलिकॉप्टर येण्यापूर्वी तयार हवी, नाहीतर दारात झोंबाझोंबी होते. आणि जनावरांचे काय करायचे, याचेही उत्तर आधी ठरवावे लागेल, कारण गोठ्यातली म्हैस सोडून हेलिकॉप्टरमध्ये बसायला आमच्याकडचा शेतकरी सहजासहजी तयार होत नाही, आणि त्याला मूर्ख ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. हे सगळे शिकवायला एक दिवस पुरतो. निवृत्त सैनिकांची आपल्या जिल्ह्यात कमतरता नाही. त्यांना बोलावले, तर ते आनंदाने येतील.

खर्चाचा मुद्दाही उघडपणे बोलला गेला पाहिजे. ही उड्डाणे मोफत नसतात. २०२४ मध्ये केंद्राने केरळकडे त्याच वर्षीची वायनाडची दरड आणि आधीच्या आपत्ती यांतील हवाई मदतीपोटी १३२ कोटी ६२ लाख रुपयांची मागणी केली आणि त्यावर केरळ उच्च न्यायालयाने, जुनी बिले याच वेळी कशासाठी काढली, असा प्रश्न केला. संकटात सापडलेल्या राज्याला सेनादलांच्या नावाने बिल पाठवणे मला व्यक्तिशः पटत नाही. पण बिल येते हे वास्तव असेल, तर त्याच्या शंभराव्या हिश्श्यात किती गावांना दोर, स्ट्रेचर आणि बिनतारी संच देता येतील, याचा हिशेब आपल्या मदत व पुनर्वसन विभागाने मांडावा. वायनाडमध्येही पहिल्या दिवशी ढगांनी हेलिकॉप्टर अडवली होती. दरडीखाली सापडलेल्या मुंडक्कई गावाकडे यंत्रसामग्री गेली ती लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने उभारलेल्या १९० फुटी बेली पुलावरून, आणि त्या कामाच्या प्रमुखांपैकी मेजर सीता शेळके या आपल्या पारनेर तालुक्यातल्या. लष्कराची मदत म्हटली की आपल्याला फक्त हेलिकॉप्टर दिसते. मला तो पूल अधिक मोलाचा वाटतो.

शेवटची बाब उपलब्धतेची. उंचावर विश्वासाने जाणारे चीता हे एका इंजिनाचे हेलिकॉप्टर १९६० च्या दशकातल्या रचनेचे आहे आणि त्याची जागा घेणारे नवे यंत्र वर्षानुवर्षे रखडले आहे. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळल्यानंतर देशातील सर्वच ध्रुव हेलिकॉप्टर काही महिने जमिनीवर ठेवावी लागली. त्याच काळात, २८ फेब्रुवारी रोजी, बद्रीनाथजवळ माणा येथे हिमस्खलनात सीमा रस्ते संघटनेचे कामगार गाडले गेले, तेव्हा मुख्यतः जुन्या चीतांवर भिस्त ठेवावी लागली. तीच वेळ जुलैमध्ये आपल्यावर आली असती, तर?

मी हे पत्र लिहीत आहे तेव्हा पावसाळ्याला अजून अवकाश आहे. आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी पोलादपूर, महाड, पाटण, जावळी, आंबेगाव, शाहूवाडी, संगमेश्वर अशा तालुक्यांच्या तहसील कार्यालयांत जाऊन एकच कागद मागावा : हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागांची यादी, त्यांच्या आसपासच्या तारांच्या नोंदी आणि त्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाव व दूरध्वनी क्रमांक. ज्या तालुक्यात हा कागद मिळेल त्याचे नाव छापावे आणि जेथे मिळणार नाही, त्याचेही छापावे.

आपला विश्वासू,
हवाई दलातून निवृत्त झालेला एक तंत्रज्ञ,
वाई, जि. सातारा